उरलेली फाक

१

फाकताईचं खरं नाव कारखान्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यांनी ते शेवटचं कधी उच्चारलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पृथ्वीचे गोल बनवायचा हा कारखाना. कागदाच्या लगद्याचे गोळे करायचे, त्यांवर प्लॅस्टर चढवून ते घासून गुळगुळीत करायचे, आणि मग त्या पांढऱ्याफटक गोळ्यावर छापील नकाशा चिकटवायचा. हे शेवटचं काम फाकताईचं. आता सपाट कागद गोळ्यावर नीट बसत नाही. खोटं वाटत असेल तर एखादा चेंडू वर्तमानपत्रात गुंडाळून बघा. चुण्याच चुण्या पडतील. म्हणून नकाशा छापतानाच संत्र्याच्या फोडींसारखा बारा फाकांमध्ये छापतात, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. एकेक फाक कापायची, पाण्यात भिजवायची, खळ लावलेल्या गोळ्यावर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बसवायची आणि हाडाच्या पट्टीनं दाबत दाबत आतली हवा काढायची. बारा फाका झाल्या की वर एक आणि खाली एक अशा दोन गोल टोप्या. झाली पृथ्वी.

सांगायला सोपं आहे हो. ओला कागद फुगतो ना! प्रत्येक फाक केसभर जास्त ताणली गेली, की अकराव्या फाकेलाच गोळा भरतो आणि बारावी हातात राहते. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. फाकताईच्या हातून ती सव्वीस वर्षांत एकदाही झाली नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची.

तिला मोजायची खोड होती. जिन्याच्या पायऱ्या, दोरीवरचे कपडे, बसच्या रांगेतली माणसं, दिसेल ते मोजायची. लोक हसायचे. नवरा तर रोज हसायचा. पण त्या खोडीमागं कारण होतं आणि ते हसण्यासारखं नव्हतं. तिची आई एकोणसाठाव्या वर्षी मोजायला चुकू लागली होती. घरात माणसं चार: आई, ही आणि दोन भाऊ. वडील कसे होते हे भावंडांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. घरात त्यांचा फोटोसुद्धा नव्हता. आई मात्र जेवायला पाच ताटं मांडायची. मग ही ते पाचवं ताट, आवाज होऊ न देता, उचलून फळीवर परत ठेवायची. आई त्या रिकाम्या जागेकडं बघून विचारायची, “आणि त्यांचं?” कुणाचं, ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढच्या दोन वर्षांत आईला स्वतःची मुलंही ओळखू येईनाशी झाली.

पुढच्या महिन्यात फाकताईला एकोणसाठावं लागणार होतं. तिनं नवऱ्याकडून वचन घेतलं होतं, की माझी मोजणी चुकायला लागली तर तोंडावर सांगायचं, लपवायचं नाही.

“आणि माझी चुकली तर?” नवऱ्यानं विचारलं होतं.

“तुमची बरोबर कधी होती?” ती म्हणाली होती.

मरणाची तिला भीती नव्हती. पण एक दिवस हा माणूस समोर बसलेला असेल आणि आपण त्याला ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारू, या विचारानं तिचा जीव कासावीस व्हायचा.

२

एका सोमवारी सकाळी मालक स्वतः तिच्या टेबलाशी आले. काखेत छापील कागदांची गुंडाळी.

“फाकताई, पृथ्वी पुष्कळ केल्यात. आता हे बघा.”

कागदावर निळं काही नव्हतं, देश नव्हते, नद्या नव्हत्या. सगळा राखाडी रंग आणि त्यावर खड्डेच खड्डे.

“अगं बाई! हा कुठला रस्ता?” फाकताई म्हणाली.

“सेरेस,” मालक हसले. “मंगळ आणि गुरू यांच्या मधे लहानमोठ्या दगडधोंड्यांचा पट्टा आहे ना, त्यातला हा सगळ्यात मोठा. बटुग्रह. एका विज्ञान संग्रहालयाला पाच हवेत.”

मालकांना सांगायची हौस दांडगी. उभ्या उभ्याच त्यांनी सगळी कहाणी सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी एकाला हा दिसला, थोडेच दिवस दिसला आणि सूर्याच्या उजेडाआड हरवला. मग गणितं करून पुन्हा हुडकून काढला. आधी त्याला ग्रह म्हणून मोजलं. पुढं त्याच्या आसपास आणखी पुष्कळ सापडायला लागले तेव्हा ग्रहांच्या यादीतून त्याचं नाव काढलं. आता अलीकडे परत बटुग्रह म्हणून घेतलंय. आणि हे पांढरे ठिपके दिसतात ना, ते मिठासारखे क्षार.

“म्हणजे आधी मोजणारे चुकत होते?” फाकताईनं विचारलं. मोजण्याचा विषय निघाला की तिचे कान टवकारायचे.

“चुकत नव्हते हो. मोजताना कुणाला धरायचं आणि कुणाला नाही, तेवढं बदललं.”

फाकताईला हे काही पटलं नाही. वस्तू आहे तर आहे, नाही तर नाही. पण मालकांशी वाद कुठं घालायचा, म्हणून ती मान डोलावून कामाला लागली.

पहिला गोळा दुपारी चारच्या सुमारास पुरा झाला. शेवटचा सांधा असा मिटला की नखाला लागू नये. तिनं दोन्ही टोप्या बसवल्या, गोळा दांडीवर अडकवून एकदा फिरवला आणि समाधानानं हात पुसायला फडकं घेतलं. तेव्हा तिला दिसलं, की पाण्याच्या परातीच्या काठावर एक फाक निथळत पडली होती.

मग तिनं गोळ्यावरचे सांधे मोजले. सुरुवातीच्या सांध्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं गोळा फिरवत गेली. बारा. उलट्या बाजूनं फिरवला. बारा. म्हणजे गोळ्यावर बारा फाका होत्या. कागदावर छापलेल्या बारा. आणि परातीवर एक.

“कागद कापताना दुसऱ्या तावातली एखादी आली असेल,” ती स्वतःशीच पुटपुटली. पण दुसरा ताव गुंडाळीतून निघालाच नव्हता. तिनं ती फाक टिपकागदात गुंडाळून पिशवीत टाकली. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला नजर टाकली आणि तिची तिलाच लाज वाटली.

३

दुसऱ्या गोळ्याला तिनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. फाका कापल्या कापल्या प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडा घातला, एक ते बारा. प्रत्येक फाक बसली की पाटीवर खडूनं एक रेघ. सातव्या फाकेवर तीन खड्डे एका ओळीत होते, मोठ्यापासून लहानापर्यंत, ते तिला उगाचच आवडले. शेवटी पाटीवर बारा रेघा झाल्या. सांधे बारा. टोप्या बसल्या.

परातीच्या काठावर एक फाक होती.

तिनं ती उलटी केली. पाठीवर आकडा नव्हता. म्हणजे तिनं कापलेल्या बाराच्या बारा गोळ्यावर गेल्या होत्या. ही त्यांतली नव्हतीच. तिनं न कापलेला ताव टेबलावर पसरला आणि भिंग घेऊन ही फाक तावावरच्या एकेका फाकेशी ताडून पाहिली. या फाकेवर मधोमध एक खोल खड्डा होता आणि खड्ड्याच्या तळाशी बारीकसा पांढरा ठिपका. तावावर असा खड्डा कुठंच नव्हता.

माझं डोकं फिरलंय की कागदाचं, असं तिला झालं. शेवटी तिनं गोळेकाकांना हाक मारली. गोळेकाका म्हणजे प्लॅस्टर चढवणारे. पाठीला पोक आणि अंगभर पांढरी धूळ. पंचवीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी होती.

“काका, एवढे सांधे मोजा बरं.”

काकांनी गोळा फिरवला. “बारा. का गं?”

“आणि ही?” तिनं फाक पुढं केली.

“ही होय? टाक की डब्यात.”

“कुठल्या डब्यात?”

“घ्या!” काका हसले. “तुझ्याच. टेबलाखाली असतो तो. उरलेली फाक त्यातच टाकतेस ना दर वेळी?”

“दर वेळी?”

“एक उरतेच की. मी नवा होतो तेव्हा तूच सांगितलंस मला, एक नेहमी उरते म्हणून.” काकांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. “चहा घेतेस का? दमलेली दिसतेस.”

ते गेल्यावर ती वाकली. टेबलाखाली भिंतीशी पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. होता खरा, चिंध्यांचा आहे असंच ती समजून होती. झाकण उघडताना ते कुरकुरलं. आत फाकाच फाका होत्या, दहा-दहाच्या चवडी करून दोऱ्यानं बांधलेल्या. गाठ तिच्या हातची होती. दोऱ्याला दोन वेढे देऊन आत खुपसायची सवय दुसऱ्या कुणाला नव्हती. बहुतेक फाका निळ्या होत्या, पृथ्वीच्या. सगळ्यात वरच्या फाकेवर थोडा किनारा होता. पृथ्वीवरचा एकूण एक किनारा तिनं सव्वीस वर्षं बोटांनी दाबला होता. हा त्यांतला नव्हता.

तिनं झाकण लावलं आणि डबा परत भिंतीशी सरकवला.

४

नवरा छापखान्यात मुद्रितशोधक होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पगार घेऊन शोधल्या, आणि निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रातल्या फुकट शोधायचा. कानावर लाल पेन्सिल कायमची; अंघोळीलाही काढत नाही, असं फाकताई म्हणायची. स्वयंपाक त्याच्याकडे आणि भांडी तिच्याकडे, अशी वाटणी होती. ती सहाला घरी पोचली की टेबलावर जेवण तयार असे.

त्या संध्याकाळी टेबलावर तीन ताटं होती.

“कोण येणार आहे?” तिनं पिशवी खुर्चीवर ठेवत विचारलं.

“कोण येणार? कुणी नाही.”

“मग तीन ताटं कशाला?”

“आपण तिघं, ताटं तीन. चार मांडू का?” तो पाठमोराच म्हणाला आणि पातेल्यात डाव फिरवत राहिला.

त्याला चेष्टेची सवय होती. चेष्टा करताना त्याच्या ओठाचा डावा कोपरा हलायचा. ती पुढं होऊन त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. कोपरा हलला नाही. चेष्टा नव्हती ती. आणि लगेच, खरं सांगायला हवं, तिला हायसं वाटलं. म्हणजे माझं नाही तर! यांचं बिघडतंय. पुढच्याच क्षणी आपल्याला हायसं वाटलं याची तिला इतकी शरम वाटली, की डोळे भरून आले.

तिनं तिसरं ताट उचललं आणि फळीवर ठेवलं. आवाज होऊ दिला नाही.

तो वळला. रिकाम्या जागेकडं आणि मग तिच्याकडं बघितलं. “असं नको ना करूस,” तो हळू आवाजात म्हणाला. “बरं दिसत नाही.”

दोघं जेवले. मागच्या खोलीच्या दाराची कडी आतून लागल्यासारखा आवाज आला.

“वारा,” फाकताई म्हणाली.

नवऱ्यानं घास तसाच हातात धरला होता.

५

त्यानंतरचे आठ-दहा दिवस ती घरात पाहुण्यासारखी वावरली. सगळं बघायची आणि मूग गिळून बसायची.

न्हाणीघरात तीन टॉवेल होते. तिसरा, पिवळा, सकाळी ओला असायचा. दाराशी चपलांचा तिसरा जोड होता, तिच्याच मापाचा. घालून पाहायचा तिला धीर झाला नाही. एकदा नवरा समोर बसून पेपर वाचत होता आणि आत नळ वाहत होता. तो पेपरातून डोकं न काढता बोळाच्या दिशेनं म्हणाला, “झालं का गं?” थोडा थांबला, काहीतरी ऐकलं आणि खुदकन हसला. नळ बंद झाला.

फाकताईनं स्वतःला सगळी उत्तरं देऊन पाहिली. जुने नळ आहेत, आपोआप बंद होतात. वरच्या मजल्यावरचे आवाज खाली येतात. यांना भास होतोय आणि भासाशी माणूस बोलतो. सगळं ठीक. पण भासानं टॉवेल ओला होत नाही.

मागची खोली म्हणजे नवऱ्याच्या जुन्या कागदांची अडगळ, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. आपण तिथं शेवटचं कधी गेलो, हे तिनं मोजायचा प्रयत्न केला आणि मोजता येईना. एका दुपारी, नवरा बाजारात गेल्यावर, तिनं दार ढकललं. कागदांचे गठ्ठे कुठंच नव्हते. एक पलंग होता. चादरीचे कोपरे गादीखाली दुमडले होते, आत एक घडी आणि वर एक घडी. फाकताई स्वतः चादर तशीच घालायची. खिडकीत तिची जुनी हाडाची पट्टी होती, टोक तुटलेली, कधीची हरवलेली. पट्टी स्वच्छ होती, पण तिच्या खाचेत ओली खळ होती. तिनं वास घेतला. ताजी होती.

कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी उशी दबलेली होती. फाकताईला उशीवर हात ठेवावासा वाटला आणि तिनं तो ठेवला. उशी कोमट होती. मग मात्र ती पळालीच.

कारखान्यात तिसरा गोळा झाला, चौथा झाला. दर वेळी एक फाक उरली. ती न बघता डब्यात टाकायची आणि कुणी काही विचारायचं नाही.

६

शेवटी तिनं मन घट्ट केलं आणि नवऱ्याला डॉक्टरांकडं चला म्हणाली. तो ताबडतोब तयार झाला. एवढ्या सहज कसा काय, याचं तिला जरा नवल वाटलं. एरवी ताप आला तरी तो डॉक्टरचं नाव काढू देत नसे.

सकाळची वेळ होती, दवाखान्यात भरपूर ऊन होतं. डॉक्टरांच्या टेबलापुढं तीन खुर्च्या होत्या. नवरा एकीवर बसला, ती दुसरीवर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या. फाकताई नवऱ्याबद्दल सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी तिलाच विचारलं, “शंभरातून सात-सात वजा करत जाल का?”

“मी?”

“हो, तुम्ही.”

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो स्वतःच्या बोटांकडं बघत होता. म्हणजे तिनं त्याला आणलं नव्हतं. त्यानं तिला आणलं होतं! फाकताईला संताप आला आणि त्या संतापात तिनं त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत थेट दोनपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं.

“वा!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझ्यापेक्षा चांगलं आहे तुमचं गणित. आता सांगा, घरी कोण कोण असतं?”

“मी आणि हे.”

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग तिसऱ्या खुर्चीकडं पाहिलं, आपण एखाद्या माणसाकडं बघतो तसं, जरा दिलगिरीनं. आणि तिथंच बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं.”

फाकताईनं मान वळवली. खुर्ची रिकामी होती. नुसती जरा टेबलाकडं सरकवलेली होती, एवढंच. पण ती कधी सरकवली? आत आलो तेव्हा तिन्ही एका रेषेत होत्या. तिनं मोजल्या होत्या, मोजताना पाहिलं होतं.

घरी येताना नवऱ्यानं रस्त्यात तिचा हात धरला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, भर रस्त्यात त्यानं असं कधी केलं नव्हतं.

“वचन दिलं होतं ना, म्हणून तोंडावर सांगतो,” तो म्हणाला. “तुझं चुकतंय गं. तू ताट उचललंस की ती खोलीत जाऊन रडते. मला ऐकू येतं. मी काय करू?”

“ती कोण, अहो?”

तो रडायला लागला. उत्तर त्यानं दिलं, ओठ हलले, एक नाव घेतलं असावं. पण नेमकी तेव्हाच बस गेली का काय, तिला काही ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही.

७

पाचवा गोळा तिनं शुक्रवारी घेतला. सकाळपासून तिचं मन एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. हे रडले. पस्तीस वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. चूक माझ्या डोक्यात असो की त्यांच्या, हे मला पुन्हा बघवणार नाही.

फाका कापल्या, पाठीवर आकडे घातले, बारा बसवल्या. टोप्याही बसवल्या. आणि परातीच्या काठाकडं न बघताच हात नेला. फाक तिथं होती. त्याच खोल खड्ड्याची, तळाशी पांढरा ठिपका असलेली.

या वेळी तिनं ती डब्यात टाकली नाही. तिच्या मनानं असं घेतलं, की हिला इथं जागा मिळाली तर घरीही मिळेल. याला काही अर्थ नव्हता, तिलाही ते कळत होतं. पण बारा दिवस अर्थ लावून लावून ती थकली होती. तिनं पातळ सुरी घेतली, टोप्यांच्या कडा सोडवल्या आणि एक सांधा वरपासून खालपर्यंत उकलला. गोळ्यात रेघभरही जागा नव्हती. तिथं अख्खी फाक कशी मावायची? तरी तिनं फाक भिजवली, टोक टोकाला लावलं आणि हाडाच्या पट्टीनं दाबत खाली आणली.

फाक बसली. पोट सुटलं नाही, चुणी पडली नाही, कडेला कड येऊन मिटली. उलट असं वाटलं, की आतापर्यंत गोळा कुठंतरी आवळलेला होता आणि आत्ता मोकळा झाला. मुलाचा सदरा नीट बसावा तसा. फाकताईला आनंद झाला, पोटातून आनंद झाला. तिनं सांधे मोजले.

बारा.

पुन्हा मोजले. बारा. मग तिनं सावकाश, नाइलाजानं, परातीकडं पाहिलं. काठावर एक फाक निथळत होती. तिच्यावर एका ओळीत तीन खड्डे होते, मोठ्यापासून लहानापर्यंत. तिनं उलटी केली. पाठीवर पेन्सिलीनं सात लिहिलं होतं, तिच्याच हातचं. ही फाक तिनं सकाळी दहा वाजता गोळ्यावर दाबली होती.

“काका,” ती म्हणाली, “ही गोळ्यावर होती.”

गोळेकाकांनी लांबूनच पाहिलं. “कुठली? ती? ती तर उरलेली आहे.”

आता मात्र नवऱ्यालाच दाखवायचं, असं तिनं ठरवलं. आयुष्यभर त्यानं हेच काम केलं: काय गळलंय, काय जास्तीचं आलंय, ते शोधायचं. त्याच्या नजरेतून सुटणार नाही. तिनं ती फाक टिपकागदात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि अर्धा तास आधीच घरी निघाली.

८

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात उन्हाचा शेवटचा पट्टा टेबलावर पडला होता. जेवण तयार होतं, वाफ निघत होती. टेबलावर ताटं दोन होती.

दोन! झालं तर मग. संपलं सगळं.

“अहो, ऐकलंत का,” असं म्हणत तिनं पिशवी ठेवायला तिसऱ्या खुर्चीकडं हात नेला आणि पिशवी जमिनीवर पडली. खुर्च्या दोनच होत्या.

मोरीशी कुणीतरी पाठमोरं उभं राहून हात धूत होतं. बाई होती, तरुण म्हणावी अशी. वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, मानेवर केसांची बारीक लव. हात धुताना ती नखांतली वाळलेली खळ अंगठ्यानं काढत होती. कडेच्या उजेडात कान तेवढा दिसला आणि गालाची थोडीशी कड. फाकताईला भीती वाटायला हवी होती. पण तिला त्या मानेवर हात ठेवावासा वाटला, त्या उशीवर ठेवावासा वाटला होता तसाच.

“आज लवकर आलीस, आई,” ती मागं न वळता म्हणाली. “बस, वाढतेच आहे.”

“हे कुठं गेले?”

“कोण?”

“अगं, हे.”

नळ बंद झाला. “कोण हे, आई?” आवाज फार मायेचा होता. तो मायेचा आवाज फाकताईच्या ओळखीचा होता. अशा आवाजात कुणाशी बोलतात, हे तिला चांगलं माहीत होतं.

ती खोल्या फिरून आली. न्हाणीघरात टॉवेल दोन. दाराशी चपलांचे जोड दोन. टेबलावरच्या वर्तमानपत्रात एकही लाल खूण नव्हती. चुका जशाच्या तशा पडून होत्या. तिनं त्याचा चेहरा आठवायला घेतला. ओठाचा डावा कोपरा आठवला. कानावरची पेन्सिल आठवली. मधलं बाकीचं आठवेना.

पिशवीतून तिनं टिपकागद काढला. फाक अजून ओली होती. तिनं ती टेबलावर, भिंतीकडच्या बाजूला, जिथं तो बसायचा तिथं उलगडून ठेवली. मग फळीकडं गेली, तिसरं ताट काढलं आणि त्या फाकेशेजारी मांडलं.

ती बाई हात पुसत आली. मग तिनं ताट उचललं आणि, आवाज होऊ न देता, फळीवर परत ठेवलं.

फाकताई त्या रिकाम्या जागेकडं बघत होती.

“आणि त्यांचं?” तिनं विचारलं.